पुण्यात भाड्याने देण्यासाठी जुने फ्लॅट घेतोय : विश्वासू वायरमन आणि काँट्रॅक्टर गाठायचा कसा?

मुठाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न मनाला लागलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी आणि बायको दोघंही नोकरी करतो. निवृत्तीनंतर भाड्याचं उत्पन्न हाताशी असावं म्हणून गेल्या सहा वर्षांत दोन जुने फ्लॅट घेतले, एक कोथरूडला आणि एक सिंहगड रस्त्याला. लिफ्ट नसलेली इमारत, वरचा मजला, त्यामुळे किंमत आवाक्यात. आतून नीट दुरुस्त करायचं आणि चांगल्या कुटुंबाला द्यायचं, एवढाच बेत. आता तिसरा बघतोय, कर्वेनगरला, १९८८ सालची इमारत.

पहिल्या फ्लॅटला वॉचमनने आणून दिलेला वायरमन होता, काम बरं झालं. दुसऱ्या वेळी तोडफोड, फरशी, प्लंबिंग, वायरिंग, रंग असं सगळं एकाच काँट्रॅक्टरच्या अंगावर दिलं. ४,२०,००० ठरले. तीन कोटेशनमध्ये त्याचं सगळ्यात कमी होतं, दुसऱ्यापेक्षा ६०,००० नी. निम्मे पैसे सुरुवातीलाच दिले. तिसऱ्या आठवड्यापासून माणसं यायची बंद झाली. आधी गावाकडे लग्न, मग फरशीवाला आजारी, मग फोनच लागेना. दीड महिन्याचं काम साडेपाच महिन्यांवर गेलं. भाडं महिना २८,००० धरलं तर चार महिन्यांचे १,१२,००० तिथेच बुडाले.

पैशाचं विसरता येतं. जे विसरता येत नाही ते पुढे झालं. भाडेकरू राहायला आल्यावर दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. त्यांच्या आई आंघोळीला गेल्या होत्या, नळाला हात लावला तर झिणझिण्या आल्या. मेन स्विच बंद करायला सांगून मी दुसऱ्या वायरमनला घेऊन पळत गेलो. त्याने गिझरचा बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी तार बोर्डापर्यंत आली होती आणि तिथेच गुंडाळून आत कोंबली होती. कशालाही जोडलेली नाही. डीबीत, म्हणजे घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीत, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेली होती, पण तिला वगळून तार सरळ पुढे नेली होती. तो म्हणाला, ‘सारखी पडत असणार, म्हणून डायरेक्ट करून टाकलीय.’

त्या आजी वाचल्या. पण मी घरमालक म्हणून किल्ली दिली होती आणि आत काय आहे हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या फ्लॅटला हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. माणूस शोधायचा कुठे, त्याचं काम आपल्याला कळायचं कसं, आणि पैसे कोणत्या टप्प्याने द्यायचे? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

ठाणेकरीण

वाचून अंगावर काटा आला. आजी आता बऱ्या आहेत ना?

माझे ठाणे आणि डोंबिवली मिळून तीन फ्लॅट भाड्याने आहेत, त्यातला एक सासूबाईंचा. माणूस शोधायला मी आता शेजारीपाजारी विचारत नाही. शेजाऱ्यांना माणसाचा स्वभाव कळतो, भिंतीच्या आतलं काम त्यांनाही दिसलेलं नसतं. मी त्या भागातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात जाते, दुपारी, गर्दी नसताना. काउंटरवरच्या माणसाला दोन गोष्टी विचारते. तुमच्याकडून आरसीसीबी आणि चार चौरस मिमीची तार नियमित कोण नेतं? आणि उधारी वेळेवर कोण फेडतं? पैशाला चोख असलेला वायरमन बहुतेक वेळा कामालाही चोख निघतो, असा माझा अनुभव आहे. दुकानदार आपल्या फायद्याचा माणूस पुढे करू शकतो, म्हणून दोन-तीन दुकानं फिरायची. एकच नाव दोन ठिकाणी आलं की त्याला फोन.

दुसरं म्हणजे, आधीचं काम दाखव म्हटलं की सगळे ताजी साइट दाखवतात. नवा रंग, नवे स्विच, सगळंच छान दिसतं. मी म्हणते, दोन वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाचा नंबर द्या. त्यांना एवढंच विचारायचं, की पैसे चुकते झाल्यावर काही बिघडलं तेव्हा हा आला का, आणि किती दिवसांनी आला?

आणि पहिलं काम लहान द्यायचं. दोन पंख्यांचे पॉइंट, एखादा जळालेला सॉकेट. सांगितलेल्या वेळेला आला का, उरलेली तार परत दिली का, जाताना झाडून गेला का, ते बघायचं. अख्खा फ्लॅट त्यानंतर.

निवृत्त_उपअभियंता

मी वीज कंपनीत तीस वर्षांवर काढली, आता निवृत्त आहे. धागाकर्त्यांनी लिहिलेला प्रकार मी अनेक घरांत पाहिला आहे, काही ठिकाणी पंचनामा होताना. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी परवान्याविषयी. आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र म्हणजे शिक्षण. काम करण्याची परवानगी वेगळी असते, ती राज्याच्या विद्युत निरीक्षण विभागाकडून मिळते. तारतंत्रीचा परवाना, त्यावर पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र, आणि स्वतःच्या नावावर कामं घ्यायची तर विद्युत ठेकेदाराचा परवाना. नवी जोडणी घेताना किंवा मंजूर भार वाढवताना महावितरण ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागतं, त्यावर त्याचा परवाना क्रमांक आणि सही लागते. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा, ‘काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट कोणाच्या परवान्यावर देणार?’ ज्याचा परवाना आहे तो लगेच क्रमांक सांगतो. ‘त्याची काळजी करू नका, सही आणून देतो’ असं उत्तर आलं तर घर न बघता सही होणार, हे ओळखा आणि दुसरा माणूस शोधा. हा व्यवहार चालतो, आणि त्यातूनच माणसं मरतात.

१९८८ च्या इमारतीत ॲल्युमिनियमची तार आणि किटकॅट फ्यूज (चिनीमातीचे जुने फ्यूज) सापडण्याची शक्यता बरीच आहे. त्या काळी घरात ट्यूबलाइट, पंखे, फ्रीज, टीव्ही, मिक्सर. आता भाडेकरू काय आणतो बघा. ३ किलोवॅटचा गिझर १३ अँपिअर घेतो, २ किलोवॅटची इंडक्शन शेगडी जवळपास ९, दीड टनाचा एसी ७ ते ८. सकाळी तिन्ही एकदम चालू झाले तर ३० अँपिअर झाले. तेव्हा तार संपूर्ण नवी, तांब्याची. दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिमी, साध्या पॉवर सॉकेटला २.५, गिझर आणि एसीला ४ आणि प्रत्येकाला डीबीतून स्वतंत्र. मंजूर भारही वाढवून घ्या.

आता सगळ्यात घातक खोड. एमसीबी (तारेवर भार जास्त झाला की पुरवठा तोडणारा स्विच) पडते अशी तक्रार आली की काही वायरमन १६ अँपिअरची काढून ३२ ची बसवतात. पडायची थांबते, घरमालक खूश होतो. पण एमसीबी असते तारेच्या रक्षणासाठी. तार पातळ आणि एमसीबी मोठी असेल तर तार भिंतीत तापत राहते आणि एमसीबीला पत्ताही लागत नाही. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलीअँपिअरचा फरक पडायच्या आत ती तोडते. नव्या वायरिंगमध्ये ती सारखी पडत असेल तर बहुधा कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागले आहेत, किंवा दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र झाले आहेत, किंवा एखाद्या उपकरणातून वीज गळते आहे. एकेक सर्किट वेगळं करून ते शोधावं लागतं, त्याला अर्धा दिवस जातो. तुमच्या काँट्रॅक्टरच्या माणसाने तो अर्धा दिवस वाचवला.

काम संपलं की वायरमनला मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावायला सांगा. उपकरणं, दिवे काढून ठेवून ५०० व्होल्टला इन्सुलेशन तपासायचं, १ मेगओहमच्या खाली आकडा येता कामा नये. तुमच्यासमोर, सर्किटागणिक, कागदावर लिहून. ज्याच्याकडे मेगर नाही तो उसना आणू शकतो. ज्याला मेगर म्हणजे काय हेच सांगावं लागतं, त्याला काम देऊ नका.

एक राहिलं. इमारतीच्या मीटरपेटीजवळचा न्यूट्रल आणि अर्थिंगही बघून घ्या. तीन फेजच्या पुरवठ्यावर मुख्य न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब घरात येऊ शकतो. घरात सोन्यासारखं वायरिंग केलं तरी त्याचा उपयोग नाही. सोसायटीच्या सचिवांना सोबत घ्या.

तारतंत्री_भोर

नमस्कार. मी वायरमन आहे, वीस वर्षं झाली. भोर तालुक्यातला, आता धायरीला राहतो. काकांनी लिहिलं ते सगळं बरोबर आहे. गिझरमागे हिरवी तार कोंबणारे आमच्यात आहेत, आणि त्यांच्यामुळे आमच्याकडेही लोक संशयाने बघतात.

पण आमची बाजू कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. लोक फोनवर विचारतात, पॉइंटचा काय भाव? मी घर बघितलेलं नाही, भिंत विटेची का काँक्रीटची माहीत नाही. आणि पॉइंट म्हणजे काय, ते आधी ठरवायला हवं. स्विचपासून दिव्यापर्यंत एक पॉइंट, का डीबीपासून? तारेसाठी भिंतीत झिरी (खाच) मारणं आणि बुजवणं माझ्याकडे का गवंड्याकडे? मेन लाइन वेगळी धरायची का त्यातच? हे न बोलता जो सगळ्यात कमी भाव सांगतो, तो नंतर एकेक गोष्ट वाढवत जातो किंवा तार बारीक घालतो. त्याला दुसरीकडून पैसे सुटणारच नाहीत.

काँट्रॅक्टर का गायब होतो हेही सांगतो, मी पाच-सहा जणांच्या हाताखाली काम केलंय. त्याच्या चार साइट एकदम चालू असतात. तुमच्याकडून आलेले निम्मे पैसे तो तुमच्या कामाला लावत नाही. आधीच्या साइटवर मजुरांची हजेरी थकलेली असते, ती भागवतो. मग तुमच्या फरशीला पैसे नाहीत. तो पाचवी साइट धरतो, तिथली उचल घेतो आणि तुमच्याकडे थोडी फरशी येते. त्याच्या मनात फसवायचं असतंच असं नाही, पण चाकात अडकलेला असतो. म्हणून मोठी रक्कम एकदम देऊच नका. सामान तुम्ही घ्या, मजुरी आठवड्याची आठवड्याला, शनिवारी संध्याकाळी काम बघून द्या. आम्हालाही पोरांना हजेरी त्याच दिवशी वाटायची असते.

आणि शेवटचे दहा टक्के. मालक म्हणतात सगळं नीट चाललं की देतो. मग दोन महिने फोन उचलत नाहीत. माझ्याकडे अशा राहिलेल्या पैशांची वही आहे, अजून जपून ठेवलीय. पुढच्या वेळी तेच मालक फोन करतात तेव्हा मी जात नाही, आणि ते म्हणतात वायरमन मिळत नाही. पैसे अडकवायचे तर अडकवा, पण तारीख लिहा आणि त्या तारखेला द्या. असा मालक मिळाला तर मी पावसातही जातो.

सामानाबद्दल. तपकीर गल्लीत स्वस्त मिळतं, पण ओळखीच्या दुकानातून आणि पक्कं बिल घेऊन. तारेच्या वेटोळ्यावर आयएसआय चिन्ह आणि त्याखाली परवान्याचा आकडा असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. ९० मीटरचं वेटोळं म्हणून ८० मीटर देणारेही असतात. मी नवीन दुकानातलं पहिलं वेटोळं मालकासमोर मोजतो.

मुठाकाठ

दादा, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. तो काँट्रॅक्टर चाकात अडकलेला असेल हे मला सुचलंच नव्हतं, मी त्याला नुसता चोर समजत होतो. आणि हो, पहिल्या फ्लॅटच्या वायरमनचे माझ्याकडे ३,००० राहिले होते. आज पाठवले.

ठाणेकरीणताई, आजी बऱ्या आहेत. ते कुटुंब अजून तिथेच राहतं, सगळं वायरिंग पुन्हा तपासून घेतलं.

डोंबिवलीकर

एवढा खटाटोप एका फ्लॅटसाठी परवडतो का? मी मोबाइलवरच्या सेवेतून माणूस बोलावतो, दोन तासांत येतो, दर ठरलेला. गेल्या वर्षभरात त्रास नाही.

ठाणेकरीण

पंखा बसवायला, स्विच बदलायला मीही तेच करते. पण दर वेळी वेगळा माणूस येतो. अख्ख्या घराचं वायरिंग ज्याने केलं तोच पाच वर्षांनी सांगू शकतो की बेडरूमची तार कुठून वळवली आहे. भाड्याच्या घराला असा एक माणूस लागतोच.

विटामाती

मी स्थापत्य अभियंता. छोट्या दुरुस्तीची कामं बघते, बहुतेक पुण्यातच. वायरिंगवर काका आणि दादा बोलले आहेत, मी बाकीचं.

सगळ्यात आधी, कर्वेनगरच्या त्या इमारतीच्या सोसायटीत पुनर्विकासाचं काय चाललंय ते विचारलंत का? कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे इथल्या कितीतरी जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला जात आहेत. सर्वसाधारण सभेत ठराव झाला असेल आणि दोन-तीन वर्षांत घर पाडायचं असेल, तर पाच लाखांचं नूतनीकरण मातीत जाईल. तेव्हा वायरिंग, गळती आणि रंग एवढंच करा. सुरक्षिततेवर मात्र एक रुपयाही कमी नको, कारण राहणारं कुटुंब आजच तिथे राहणार आहे. दुसरं, इमारत तीस वर्षांवरची आहे, तेव्हा गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हायला हवी. शेवटचा अहवाल मागून बघा. स्लॅबची सळई गंजलेली असेल तर आतल्या रंगकामाने काही होत नाही.

काँट्रॅक्टर एकच असावा की वेगवेगळे? तुम्ही रोज साइटवर जाऊ शकत असाल तर वेगवेगळे घ्या. नोकरी सांभाळून ते जमत नाही, कारण फरशीवाला म्हणतो प्लंबर आला नाही आणि प्लंबर म्हणतो गवंड्याने अडवलं. मग एक मुख्य काँट्रॅक्टर ठेवा, पण वायरमन तुमचा, वेगळा, तुमच्याशी थेट व्यवहार असलेला. काँट्रॅक्टरच्या हाताखालच्या वायरमनला त्याने दोन पैसे कमी दिलेले असतात, आणि ती तूट भिंतीच्या आत भरून निघते. तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालेलं दिसतंय.

ठोक भावात काम देऊ नका. मी चार पानांचं मोजमाप करून देते. किती चौरस फूट फरशी, किती गिलावा, किती फूट पाइप, किती पॉइंट, आणि प्रत्येकासमोर कोणत्या कंपनीचं कोणतं सामान. तीन काँट्रॅक्टरना तेच कागद द्यायचे. तुमची ती तीन कोटेशनं एकाच कामाची होती का, हे आठवून बघा. बहुधा नव्हती.

तोडफोड झाल्यावर आधी भिंतीत पाण्याचे आणि तारांचे पाइप, मग प्लंबिंगला दाब देऊन तपासणी, मग फोटो, मग गिलावा. फोटो काढताना भिंतीला मोजपट्टी लावा, म्हणजे पाइप कोपऱ्यापासून किती इंचावर आहे ते कायमचं कळतं. पुढे कोणी कपाटासाठी ड्रिल मारेल तेव्हा ते फोटो उपयोगी पडतात. कॉलम आणि बीमला झिरी मारू देऊ नका, कितीही वेळ वाचत असला तरी. तार गिलावा वाळल्यावर ओढायची. ती सहज सरकली पाहिजे. पाइप चेपला असेल तर तिथेच समजतं.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की फरशी लावायच्या आधी निचऱ्याचं तोंड बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला छत बघायला सांगा. त्यांना आधी भेटून सांगितलंत तर तेही सहकार्य करतात. काँट्रॅक्टरचे वॉटरप्रूफिंगपुरते पाच टक्के मात्र पावसाळा संपेपर्यंत ठेवा, बाहेरच्या भिंतीची गळती आधी कळतच नाही. दादांनी म्हटलंय तसं, तारीख लिहून. ३१ ऑक्टोबर लिहा.

मजूर कधी मिळतात याचाही विचार करा. वारजे किंवा डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी माणसं असतात, पण दिवाळीनंतर मराठवाड्यातली कित्येक कुटुंबं ऊसतोडणीला जातात, होळीला आणि छठला उत्तरेकडचे कारागीर गावी जातात. काम त्या आठवड्यात सुरू केलंत तर पहिल्याच दिवशी उशीर पदरात पडतो.

आणि राडारोडा कुठे जाणार ते करारात लिहून घ्या. माझ्या डोळ्यांदेखत रात्री टेम्पो नदीपात्रात रिकामे झालेले आहेत. तुमच्या बाथरूमची जुनी फरशी मुठेत पडायला नको.

आखातातून

मी शारजात असतो, चिंचवडला आईवडिलांचा फ्लॅट भाड्याने दिलाय. मागच्या वर्षी सगळं काम लांबून करून घेतलं. काँट्रॅक्टर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा, सगळे सुंदर. नंतर कळलं की दोन फोटो दुसऱ्याच साइटचे होते. तेव्हापासून एका स्थापत्य अभियंत्याला चार भेटींचे पैसे देतो : तोडफोडीनंतर, गिलाव्याआधी, पाणी भरल्यावर आणि शेवटी. माझ्याकडून जाणारा प्रत्येक हप्ता त्यांच्या दोन ओळींच्या संदेशानंतरच जातो. काँट्रॅक्टर पहिल्यांदा नाराज झाला, नंतर त्यालाच ते बरं वाटलं, कारण पैसे त्याच दिवशी मिळायला लागले.

हिशेबनीस

थोडं बिलांबद्दल. लोक १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेतात. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्च कमी झाला काय नि जास्त झाला काय, त्यामुळे दुरुस्तीचं बिल तिथे कामी येत नाही, हे खरं. पण पुढे घर विकाल तेव्हा सुधारणेचा खर्च, म्हणजे संपूर्ण नवं वायरिंग, नवी फरशी यांसारखा, मूळ किमतीत धरता येतो. पुरावा म्हणून बिल आणि बँकेतून गेलेले पैसे लागतात. नुसता रंग किंवा किरकोळ दुरुस्ती त्यात बसत नाही. २३ जुलै २०२४ पासून दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि महागाईचा निर्देशांक, म्हणजे मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायची सवलत, मिळत नाही. त्या तारखेआधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तींना २० टक्के आणि निर्देशांक हा पर्याय आहे. तुमचे दोन फ्लॅट आधीचे असतील तर दोन्ही हिशेब करून बघा.

ग्राहक आयोगाचं कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. काँट्रॅक्टरने काम अर्धवट टाकलं तर सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा आयोगात जाता येतं, दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. समोरचा वकील मात्र म्हणणार की तुमचे तीन-तीन फ्लॅट आहेत, हा व्यापारी हेतू आहे, तुम्ही ग्राहकच नाही. निकाल प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलावर ठरतो. म्हणून लेखी करार, टप्पे आणि तारखा आधीपासून हव्यात. पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ पासून आहे, बिंदुमाधव जोशींनी उभी केलेली. तिथले कार्यकर्ते कागद नीट बघून सल्ला देतात, मी स्वतः एका मित्राला घेऊन गेलो होतो.

मुठाकाठ

अडीच महिन्यांनी लिहितोय.

सचिवांशी बोललो. पुनर्विकासाची चर्चा आहे, ठराव झालेला नाही. संरचनात्मक अहवाल दोन वर्षांपूर्वीचा होता, गच्चीची दुरुस्ती त्यानंतर झालेली. घर घेतलं, पण खर्चाचा आकडा निम्म्यावर आणला. स्वयंपाकघराचा ओटा जुनाच ठेवला.

वायरमन तपकीर गल्लीतल्या आणि कर्वेनगरमधल्या दोन दुकानांतून आलेल्या एकाच नावाचा. दोन वर्षांपूर्वीच्या गिऱ्हाइकाकडे गेलो, वारज्याला, एक निवृत्त शिक्षिका. त्या म्हणाल्या, ‘दिवाळीत एक सॉकेट गेलं होतं, पाडव्याच्या दिवशी येऊन बसवून गेला, फराळ करून गेला.’ त्याने घर बघायला दीड तास घेतला आणि माझ्या आधी त्यानेच विचारलं की पॉइंट कसा धरायचा. कोटेशन तिघांत मधलं होतं.

सामान मी आणलं, मजुरी दर शनिवारी दिली. तार काढताना भिंतीतून खरोखर ॲल्युमिनियम निघालं, काही ठिकाणी आवरण हातात चुरा होत होतं. आरसीसीबी पहिल्याच दिवशी पडली. तो म्हणाला, थांबा, आणि पावणेचार तास एकेक सर्किट काढत बसला. हॉलच्या एका बोर्डात न्यूट्रल अर्थला लागला होता, त्याच्याच हाताखालच्या मुलाची चूक. त्याने ती मला दाखवली. लपवता आली असती. मेगरचे आकडे वहीत लिहून सही केली, भारवाढीचा टेस्ट रिपोर्ट त्याच्याच परवान्यावर दिला. शेवटी गिझर, इंडक्शन आणि एसी एकदम लावून तासभर ठेवले आणि सगळे सॉकेट हाताने चाचपून बघितले. कुठेही ऊब नव्हती. त्याचे राहिलेले पाच टक्के पंधरा दिवसांनी द्यायचे ठरले होते, चौदाव्या दिवशी दिले.

काँट्रॅक्टरकडून मात्र नऊ दिवस उशीर झाला, फरशीवाला होळीला गेला. विटामातीताईंनी सांगितलं होतं, तरी तारीख चुकली माझी. वॉटरप्रूफिंगचे पाच टक्के माझ्याकडे आहेत, करारात ३१ ऑक्टोबर लिहिलंय.

डीबीच्या झाकणाच्या आत एक तक्ता चिकटवला आहे : कोणती एमसीबी कोणत्या खोलीची, किती अँपिअरची, आणि आरसीसीबीचं चाचणीचं बटण दर तीन महिन्यांनी दाबून बघा, बंद पडली नाही तर लगेच कळवा. वायरमनचा आणि माझा नंबर. किल्ली देताना भाडेकरूंना घरभर फिरवून हे सगळं दाखवलं, त्यांच्याकडून बटण दाबून घेतलं.

ठाणेकरीण

तो तक्ता कोणत्या भाषेत लिहिलात? माझ्या डोंबिवलीच्या घरात आता ओडिशाचं कुटुंब येतंय, मराठी वाचता येत नाही.

मुठाकाठ

मराठी आणि हिंदी. खोल्यांची चित्रंही काढली आहेत, मुलीने काढून दिली : पलंग, चूल, नळ. फोटो पाठवतो, तसंच्या तसं वापरा.